पाव तासाची दोन्या

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आजवर एकाचाही बसलेला नाही. माझा स्वतःचा बसायला दीड वर्ष लागलं, आणि मी तर तिथे जातीने हजर होतो. मी फक्त एक शब्द वापरला हो! शिवी नाही, शाप नाही, चांगला घरंदाज शब्द. तो एका बाईच्या नावाआधी लावला, आणि त्यापायी चर्चची घंटा वाजली, अठ्ठेचाळीस माणसं काळे कपडे घालून ढसाढसा रडली, आणि एक धडधाकट बाई पाव तास मेलेली राहिली.

"हं," ओलेगारियो म्हणाला.

हा ओलेगारियो म्हणजे पलीकडच्या काठावरचा नावाडी. पोर्तुगीज माणूस. ही नदी म्हणजे हद्द, पलीकडचा काठ त्यांच्या देशात. दिवसाला चार शब्द बोलतो, त्यातले तीन 'हं' असतात. पाचच्या बोटीशिवाय तुम्हा पाहुण्यांना पलीकडे जायला दुसरी सोय नाही, तेव्हा या भिंतीवर निवांत बसा, ऊन पाठीवर घ्या. ही दुसरी, सुपात चणे निवडत बसलेली, तोमासा. कोपऱ्यावरचा बार हिचा. हिने ही गोष्ट चाळीस वेळा ऐकली आहे आणि प्रत्येक वेळी वेगळी ऐकली असं हिचं म्हणणं आहे.

"म्हणणं कसलं काका, खरंच आहे ते," तोमासा म्हणाली. "गेल्या खेपेला साठ माणसं रडली होती."

अठ्ठेचाळीसच रडली. बारा जण नुसते उभे होते. हिशेब जुळतो की नाही?

तर आमच्या या सान ब्लास गावात तेव्हा दोन्या, म्हणजे नावाआधी हा मानाचा शब्द लागणाऱ्या बायका, होत्या चार. एक शाळेच्या बाई, एक डॉक्टरांची बायको, एक तेलाच्या घाण्याची मालकीण आणि चौथी औषधवाल्याची विधवा, दोन्या प्राक्सेदेस. या चौघी रस्त्याने निघाल्या की माणसं टोपीला हात लावायची, भिंतीकडेची सावली सोडून उन्हात उभी राहायची. बाकी सगळ्या बायका मावश्या. मासळीवाली मावशी, कोंबड्यावाली मावशी, ही तोमासा तर विशीतच मावशी झाली. दोन्या व्हायला शिक्षण लागतं, नाहीतर शिकलेला नवरा लागतो, नाहीतर घाणा लागतो. कुठे लिहिलेलं नाही. मी कचेरीत एकतीस वर्षं कारकून होतो, सगळी कपाटं उचकली, कुठेही लिहिलेलं नाही. पण चुकून कोणी मासळीवालीला दोन्या म्हणालं असतं तर पहिल्यांदा हसली असती ती मासळीवालीच.

माझंही तेच. बाईला दोन्या, तसं पुरुषाला 'दोन', आकडा नव्हे. मी कचेरीच्या खिडकीत बसलो की 'दोन एवारिस्तो'. सकाळी नऊ ते दुपारी दोन. दोनचे ठोके पडले, खिडकी बंद झाली, की 'काय रे एवारिस्तो'. निवृत्त झालो महिन्याच्या तीस तारखेला. एक तारखेला चष्मा विसरला म्हणून परत गेलो, तर माझ्याच हाताखाली लिहायला शिकलेला फाउस्तिनो मान वर न करता म्हणतो, "बोला काका, काय काम काढलं?" एका रात्रीत काका! निदान आठवडाभर तरी उतरण द्यायची होती.

पण गोष्ट माझी नाही, ओब्दुलियाची आहे.

ओब्दुलिया धुण्याचं आणि खळ-इस्त्रीचं काम करायची. गावात प्रत्येकाला टोपणनाव असतं. तिचं होतं खळवाली. तिची खळ म्हणजे काय सांगू! नगराध्यक्षांच्या कॉलरने एकदा न्हाव्याचं बोट कापलं. माझा शर्ट खुर्चीवर ठेवला की टेकून बसायचा. एका रविवारी मला उठायला उशीर झाला, तर शर्ट प्रार्थनेला जाऊन आला होता.

"हं."

बरं, जाऊन आला नसेल. पण दारापर्यंत गेला होता. तिचं वाळत घालणंही बघण्यासारखं. आधी मोठ्या चादरी, मग लहान, मग टेबलावरची कापडं, मग उशांचे अभ्रे, अशी उतरती ओळ. आणि ओळीच्या शेवटी, थोडी जागा सोडून, एकटा शर्ट. खांद्याने टांगलेला नाही, खालच्या कडेने उलटा, दोन्ही हात खाली सोडलेले. तांबड्या चिमट्याने. "असा टांगला की कॉलर शेवटी वाळते आणि खळ तिथे उतरते," असं ती सांगायची. मला मात्र तो शर्ट कुणालातरी वाकून नमस्कार करतोय असं वाटायचं.

दर सोमवारी मी तिच्याकडे दोन शर्ट न्यायचो. चाळीस वर्षं. एक मळलेला असायचा. दुसरा धुतलेलाच असायचा. घरून निघताना मी तो मुद्दाम हाताने चुरगाळायचो. एका शर्टासाठी माणूस अंगणात किती वेळ उभा राहणार? दोन शर्टांना दुप्पट वेळ उभं राहता येतं. तिला हे कळत होतं का? दुसऱ्या शर्टाला साबण लावताना ती एकदा म्हणाली होती, "अरे एवारिस्तो, तू या शर्टात नुसता बसून राहतोस का रे? याला घामाचाही वास नाही." मी म्हणालो, "माझा घामच तसा आहे." चाळीस वर्षांत आमच्यात झालेलं सगळ्यात धीट बोलणं म्हणजे एवढंच.

"आणि तुम्हाला वाटतं गावाला माहीत नव्हतं," तोमासा सुपातला खडा नदीत फेकत म्हणाली.

माहीत होतं तर कोणी मला ढकललं का नाही? असो.

आता आमच्या गावची एक रीत सांगतो, कारण सगळा घोटाळा त्या रीतीपायी झाला. कोणी गेलं की काळ्या चौकटीची चिठ्ठी चर्चच्या दारावर, बेकरीच्या काचेवर आणि तोमासाच्या बारमध्ये लागते, आणि कचेरीच्या भोंग्यावरून दवंडी होते. त्या चिठ्ठीवर मात्र भेदभाव नाही. जन्मभर मावशी असलेली बाईसुद्धा तिथे दोन्या होते. मासळीवाली गेली, 'दोन्या कासिल्दा'. कोंबड्यावाली गेली, 'दोन्या उर्सुला'. एकतीस वर्षं मीच लिहीत होतो त्या चिठ्ठ्या. मेलेली बाई काही या मानाने शेफारून जात नाही, तेव्हा गाव सढळ हाताने देतं.

ओब्दुलिया एकदा इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली, "सगळ्या गावाची मी मावशी. एकाची तरी आई माझी बहीण आहे का? होईन रे मीही दोन्या. तुझ्या चिठ्ठीवर. फक्त ती बेकरीच्या काचेवर नीट सरळ लाव, आणि अक्षर चांगलं काढ."

मी हसलो. ती हसली नाही. मी तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं, पण शर्ट तयार झाला होता.

मग त्या वर्षी पलीकडच्या काठावर जत्रा होती. तिची भाची तिकडे दिलेली. नवरा गेल्यावर तिने चार खोल्यांचं पाहुण्यांचं घर काढलं होतं. ओब्दुलिया एक दिवस तिला भेटायला गेली. आणि पलीकडचे लोक कसे, तर तिथे हाच शब्द, त्यांच्या बोलीत 'दोना', कोबी विकणाऱ्या बाईलासुद्धा! याच ओलेगारियोने तिला बोटीतून उतरताना हात दिला आणि म्हणाला, "दोना ओब्दुलिया, पाय जपून." बेकरीत, "दोना ओब्दुलिया, गरम आहेत, घ्या." लॉटरीचं तिकीट विकणारा आंधळा, ज्याने तिला पाहिलंही नव्हतं, तोसुद्धा, "दोना ओब्दुलिया!" दोनशे हात रुंद नदी हो. या काठावर मावशी, त्या काठावर दोना.

संध्याकाळी परत आली. सोमवारी मी शर्ट घेऊन गेलो तेव्हा म्हणाली, "भाची बोलावते आहे. चादरी धुवायला माणूस हवं आहे तिला. सान हुआनच्या सणानंतरच्या शनिवारी जाते मी. पाचच्या बोटीने."

"परत कधी?" मी विचारलं.

"अरे, बिछाना घेऊन चालले आहे, परत कधी म्हणून काय विचारतोस?"

मोजून बारा दिवस होते. घरी आलो, दोन्ही शर्ट पलंगावर टाकले. म्हणजे मी ते तिला द्यायचेच विसरलो होतो. तेव्हा मला माझ्या प्रकृतीची काळजी वाटली.

रात्रभर विचार करून ठरवलं, की जे तिला तिकडे फुकट मिळतंय ते इकडे मिळालं तर ती कशाला जाईल? तिला गावात दोन्या करायचं. बारा दिवसांत. काम अगदी साधं होतं. मी कारकून माणूस. साधी कामं कशी होतात हे मला माहीत असायला हवं होतं.

तोमासाला सांगितलं. ही म्हणाली—

"मी म्हणाले, काका, सरळ जाऊन लग्नाचं विचारा."

हे असले सल्ले! माणूस रीतसर मार्गाने जाऊ बघतोय आणि लोक आडवाटा दाखवतात. न्हावी म्हणाला, सह्यांचा अर्ज करा. पाद्रीबुवा दोन इलारियो म्हणाले, "देवाच्या दारी सगळ्या सारख्याच," आणि लगेच पुढे म्हणाले, "पण पहिल्या बाकावरच्या चार गाद्या आधीच भरलेल्या आहेत, ते जरा बघ."

मी कचेरीत गेलो. माझ्याच खिडकीपुढे, बाहेरच्या बाजूने, रांगेत उभा राहिलो. पुढे कोणी नव्हतं, तरी फाउस्तिनोने मला दहा मिनिटं उभं ठेवलं.

"जिवंत बाईला दोन्या करायचं आहे," मी म्हणालो.

"जिवंत बाईसाठी फॉर्म नाही काका. मेलेल्या बाईसाठी आहे. तुम्हीच केला होता, छान आहे."

"अरे, पण पलीकडे बघ! पलीकडे सगळ्याच दोना. मेक्सिकोत माझा चुलतभाऊ आहे, तो लिहितो की रस्त्यावर मक्याच्या भाकऱ्या थापणारीलाही तिकडे दोन्या म्हणतात. इटलीत तर बाई म्हणजेच दोन्ना, निवडानिवड नाहीच. मनिलाला मात्र मोठा बंगला लागतो म्हणे, पण मनिला लांब आहे."

"मग मेक्सिकोच्या कचेरीत अर्ज करा," फाउस्तिनो म्हणाला. हा मुलगा मी घडवला!

शेवटी तो एवढ्यावर आला की, असलेल्या चार दोन्यांपैकी दोघींनी सही करून 'हरकत नाही' म्हटलं तर तो अर्ज दप्तरात घेईल. शाळेच्या बाईंनी सही केली, वर शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या. दुसरी सही मागायला मी दोन्या प्राक्सेदेसकडे गेलो, ही माझी चूक. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. अर्ज दूर धरून वाचला.

"एवारिस्तो, तुला समजतंय का तू काय मागतोयस? ओब्दुलिया दोन्या झाली तर मी माझ्या चादरी कुणाकडे टाकू? दोन्याने दोन्याला मळक्या चादरी द्यायच्या?"

मी अर्ज घडी घालून खिशात टाकला. बाईंचं डोकं पक्कं होतं, एवढं म्हणायला हवं.

दहा दिवस असे गेले. गुरुवार उजाडला. तेव्हा मला एक गोष्ट सुचली. इतकी सोपी की मला स्वतःचा राग आला. अर्ज कशाला हवा? एकतीस वर्षं मी दवंडी देत होतो. भोंग्यावरून जे निघतं ते गावात खरं होतं. ओब्दुलिया शनिवारी जाणार, तेव्हा लोकांनी इस्त्रीचे कपडे नेले पाहिजेत. ही दवंडी तर द्यावीच लागणार होती. तिच्यात मी तो एक शब्द घातला. कागद फाउस्तिनोच्या गठ्ठ्यात सरकवला, आणि फाउस्तिनो कागद न वाचता दवंडी देतो हे मला माहीत होतं, कारण मीच त्याला तसं शिकवलं होतं.

शुक्रवारी सकाळी अकराला घंटेच्या मनोऱ्यावर बसवलेला कचेरीचा भोंगा खाकरला. "नगराध्यक्षांच्या हुकमावरून कळवण्यात येते की, दोन्या ओब्दुलिया गिल बारेरो यांच्याकडे धुण्या-इस्त्रीला दिलेले कपडे ज्याचे त्याने आज संध्याकाळपर्यंत घेऊन जावेत."

मी याच भिंतीवर बसलो होतो. सगळ्या गावावरून, नदीवरून तो शब्द गेला. म्हटलं, झालं! आता ही बाई कुठे जात नाही.

मग समोरच्या घराची खिडकी बंद झाली. मग तिच्या शेजारची. मग चर्चची घंटा वाजायला लागली. हळू, एकेक ठोका. म्हटलं, अरेरे, आजच्या एवढ्या चांगल्या दिवशी कोण बिचारं गेलं?

"मला सांगा," तोमासा पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "खळवालीला भोंग्यावरून दोन्या म्हणाले, वर कपडे घेऊन जा म्हणाले. कोण काय समजेल? मी बार बंद केला आणि काळी शाल काढली. रस्सा चुलीवर होता, तो तसाच पातेल्यासकट घेऊन गेले."

सगळं गाव निघालं. मीही निघालो, प्रेतयात्रा कुणाची आहे हे विचारायचं सुचलं नाही, कारण सगळे माझ्याच वाटेने चालले होते. ओब्दुलियाच्या अंगणात शिरलो. न्हावी रडत होता. पाद्रीबुवा पुस्तक उघडून पान शोधत होते. माझा हात धरून एक म्हातारी म्हणाली, "कशी अचानक गेली रे दोन्या ओब्दुलिया! परवा तर माझा पडदा धुतला."

मला क्षणभर वाटलं, खरंच गेली. तुम्हाला सांगतो, त्या क्षणात मी चाळीस वर्षांचे सगळे सोमवार पुन्हा मोजून आलो. दोन शर्टांच्या हिशेबाने.

मग मला तिचे पाय दिसले.

अंगणाच्या टोकाला मोठी चादर वाळत होती, पार जमिनीच्या वीतभर वर. त्या खाली कॅनव्हासचे निळे बूट. डाव्या बुटाला करंगळीपाशी भोक, खळीचे पांढरे थेंब. ती छपरावरून परडी घेऊन उतरली असणार, अंगणात गर्दी बघून चादरीमागे थांबली असणार, आणि मग तिला ऐकू यायला लागलं असणार.

सगळे बोलत होते हो! "दोन्या ओब्दुलियाने माझ्या मुलीच्या लग्नाचा झगा तीनदा धुतला, एकदाही बोलून दाखवलं नाही." "दोन्या ओब्दुलिया गात असायची तेव्हा आमचं बाळ झोपायचं." "दोन्या ओब्दुलियासारखा हात पुन्हा होणे नाही." ज्यांनी तिला जन्मात मावशीपलीकडे काही म्हटलं नव्हतं, त्यांच्या तोंडातून तो शब्द नळासारखा वाहत होता. निळे बूट हलत नव्हते. एकदा फक्त उजवा बूट डाव्यावर घासला गेला, लहान मुली लाजल्यावर करतात तसा.

बुटांकडे माझ्याशिवाय कुणाचं लक्ष नव्हतं. मी ओरडून सांगायला हवं होतं की नाही? नाही सांगितलं. म्हटलं ऐकू दे. पाव तास मी त्या चादरीकडे पाठ करून उभा राहिलो, कुणी पलीकडे जाऊ नये म्हणून. जो येईल त्याला म्हणायचो, "इकडे ओलं आहे."

पण दोन्या प्राक्सेदेसना ओलं-सुकं अडवत नाही. त्या आल्या, डोळे टिपले, अंगणावर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "ही तर माझी चादर." आणि ओढली.

ओब्दुलिया उभी. कमरेवर परडी, गालावर पाणी.

अठ्ठेचाळीस माणसं किंचाळली. पाद्रीबुवांच्या हातातून पुस्तक पडलं. आणि तुम्हाला वाटेल, लोकांना आनंद झाला असेल. पहिलं वाक्य कोण बोललं ठाऊक आहे? ही तोमासा.

"मी नव्हते. न्हावी होता."

तूच होतीस. म्हणालीस, "अगं मावशे, असा कुणी जीव घेतं का!" झालं. लगेच चारी बाजूंनी, मावशी, मावशी, काय हे मावशी! शब्द गेला. ज्याने त्याने आपापले कपडे उचलले, तोमासाने रस्सा परत नेला, आणि बाराला पुन्हा भोंगा खाकरला, "ओब्दुलिया मावशी जिवंत असून दोन्या हा शब्द नजरचुकीने पडला आहे, तरी नोंद घ्यावी."

नजरचुकीने! माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत अशी खुलासा-दवंडी एकदाही द्यावी लागली नव्हती.

अंगणात ती आणि मी उरलो. दोऱ्या रिकाम्या. टोकाला तेवढा माझा शर्ट, उलटा, तांबड्या चिमट्यावर. सगळ्यांनी आपापलं नेलं, माझं राहिलं होतं.

"तू केलंस ना हे?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "काय?"

"पाव तास दोन्या होते मी. सगळे काही ना काही बोलले. न्हावीसुद्धा बोलला. मी तुझी वाट बघत होते, म्हटलं आता हा बोलेल. तू एक अक्षर काढलं नाहीस रे."

"तुझे पाय दिसत होते," मी म्हणालो.

तिने कमरेवरची परडी खाली ठेवली. मग म्हणाली, "उद्या पाचची बोट आहे. काही बोलायचं असेल तर धक्क्यावर ये. आणि बुटांविषयी बोलू नकोस."

शनिवारी मी दुपारपासून तयार होऊ लागलो. आरशासमोर म्हणून बघितलं, 'दोन्या ओब्दुलिया, जाऊ नका.' फारच कचेरीसारखं वाटलं. 'ओब्दुलिया, जाऊ नकोस.' हे फारच उघडं. 'दोन्या ओब्दुलिया, जाऊ नकोस गं.' हे बरं होतं. पण गळ्याचं बटण लागेना, खळ कडक होती. बटण लावतोय तोच चर्चच्या घड्याळात पाचचे ठोके पडले.

धावत खाली आलो. तोमासा दारात उभी होती. म्हणाली, "काका, पाच वाजले. गेली असेल बोट."

"म्हणाले होते," तोमासा हळूच म्हणाली. तिने सूप बाजूला ठेवलं होतं.

दुसरा कोणी असता तर तिथेच बसला असता. तोमासाच्या बारमध्ये शिरला असता, एक पेला मागितला असता, नदीकडे पाठ करून. पण मी कारकून माणूस! मला एकदम आठवलं, की नावाडी पोर्तुगीज, बोट पोर्तुगीज, आणि पलीकडे घड्याळ आमच्यापेक्षा एक तास मागे. तिची पाचची बोट म्हणजे आमचे सहा! ती अजून धक्क्यावर बसलेली असणार, बिछान्याच्या वळकटीवर, निळे बूट जुळवून.

मग मी असा धावलो, की कॉलर तुटून मागे पडली आणि माझ्यामागून धावत आली. धक्क्यावर ती होतीच. मी तिच्यापुढे उभा राहिलो, टोपी काढली, सगळ्या गावाला, दोन्ही काठांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "दोन्या ओब्दुलिया, जाऊ नकोस गं!" नदीवरचे बगळे उडाले. पलीकडच्या बेकरीवाल्याने खिडकी उघडली. ती उठली, वळकटी माझ्या खांद्यावर दिली आणि म्हणाली, "चल मग. खळ भिजत घातली आहे." तेव्हापासून तीन वर्षं झाली. आमचं छान चाललंय. आत्तासुद्धा ती घरी आहे, चण्याची डाळ शिजत लावली असेल, आणि मला उशीर झाला की—

इथे चर्चच्या घड्याळात पाचचे ठोके पडायला लागले. पाहुणे सामान उचलून उठले.

"खोटं," ओलेगारियो म्हणाला.

मला वाटलं होतं तसा तो डुलक्या घेत नव्हता. त्याने माझ्या गळ्याकडे बोट केलं.

"खोटं बोलतोस एवारिस्तो. ती घरी असती तर तुझी कॉलर अशी सुकलेल्या कोबीसारखी पडली असती का? त्या दिवशी बाई तासभर माझ्या बोटीत बसली होती. मी दोनदा विचारलं, दोना ओब्दुलिया, निघायचं? ती म्हणाली, थांबा अजून, त्याला बटणं लावायला वेळ लागतो. कुणी आलं नाही. आणि पलीकडे, तिच्या भाचीच्या अंगणात बघ. आज सोमवार आहे. चादरी, अभ्रे, आणि टोकाला तो उलटा शर्ट. त्या घरात दोन बायका राहतात, घरचा पुरुष एक नाही, आणि तीन वर्षं दर सोमवारी एक पुरुषाचा शर्ट धुतला जातोय. स्वच्छच असतो तो, मी जवळून बघितलाय. कुणाचा आहे रे तो?" मग त्याने खिशातून घड्याळ काढलं, माझ्या तोंडासमोर धरलं. "आणि हे बघ नीट. माझ्याकडे आत्ता चारच वाजलेत. बोट सुटायला अजून तास आहे."